बिनकामाच्या गप्पांचं काम

शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आता असंख्य मराठी घरांत आहे आणि त्याची टिंगल करणं फार सोपं आहे. सकाळी उठल्या उठल्या उकाड्याची तक्रार, मग आंबा हापूसच की पायरीही चालेल यावर वाद, मग १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागलं की रस्ते कसे ओस पडायचे याची पुन्हा एकदा उजळणी. एवढ्या माणसांनी दिवस घालवला आणि नवं काहीच सांगितलं नाही, असं म्हणून ग्रुप म्यूट करणारे पुष्कळ असतात. पण या गप्पांना माहितीचं माप लावलं तर त्या रिकाम्याच निघणार. त्यांचं काम वेगळं आहे. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने ट्रोब्रिअंड बेटांवरच्या लोकांमध्ये राहिल्यानंतर १९२३ साली हेच मांडलं होतं: हवापाण्याच्या, ख्यालीखुशालीच्या बोलण्यातून कळत काही नाही, माणसं मात्र एकमेकांशी जोडलेली राहतात. आपल्याकडे ‘जेवण झालं का?’ विचारणाऱ्याला भाजी कोणती होती हे थोडंच ऐकायचं असतं!

बरं, अशा सैल धाग्यांचा उपयोग काय? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्यांचा अभ्यास केला आणि त्यातले आकडे १९७३ च्या लेखात दिले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम सहाव्या हिश्श्याला ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. जवळच्यांना आपल्याइतकंच ठाऊक असतं, लांबच्यांचं जग निराळं असतं. पण वीस वर्षं न बोललेल्या वर्गमित्राला एकदम रक्तदाता हवा म्हणून फोन करताना जीभ अडखळते. आंब्यावर कालच भांडण झालं असेल तर अडखळत नाही.

आक्षेप दोन आहेत. पहिला, या आठवणी खऱ्या नसतात. हे बरोबरच आहे. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली दाखवून दिलं, की गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना तिचे कोपरे घासले जातात आणि ती सांगणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसते. त्यामुळे मास्तरांची छडी दरवर्षी लांब होत जाते. ग्रुपच्या भरवशावर शाळेचा इतिहास लिहू नये. पण तिथे साक्ष नोंदवायला कुणी बसलेलं नसतं. ‘मीही तिथे होतो’ एवढं म्हणायला मिळालं तरी पुरतं.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्या काळात अशा अफवा याच फोनवरून फिरत होत्या. मात्र फिरत होता तो प्रामुख्याने तयार मजकूर, कुणा अनोळखी माणसाने बनवलेला आणि बिनचेहऱ्याचा. स्वतःची आठवण सांगणाऱ्याला ‘अरे, तू तर तेव्हा दुसऱ्या तुकडीत होतास’ असं कुणीतरी तिथल्या तिथे सुनावतं. फॉरवर्डला सुनावणार कोण? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं ठरवलं. स्वतः लिहिलेल्या ओळींना अशी मर्यादा घालावी लागली नाही. त्यासाठी अंगठ्याने जोडाक्षरं टाइप करण्याचा कंटाळा पुरेसा आहे.