लोअर परळचा प्रवासखर्च : पास आणि सवलती

एके काळी लोअर परळच्या गिरणी कामगाराच्या मासिक जमाखर्चात प्रवासभाडे नावाची बाबच नसे. डिलाईल रोडवरील, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावरील चाळीत बिऱ्हाड, हाकेच्या अंतरावर गिरणी आणि भोंगा झाला की पायी निघायचे, असा नित्यक्रम होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि फिनिक्स व कमला या गिरण्यांच्या आवारांत दुकाने आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्या कचेऱ्यांत झाडलोट करणारा, पहारा देणारा, चहा पोहोचविणारा माणूस आज विरार, बदलापूर वा कळव्याहून येतो. आणि ज्यांचे आयुष्य येथे गेले त्यांच्यापैकी काहींना २०१६ च्या सोडतीत घर लाभले ते पनवेलजवळच्या कोन येथे. घर आणि काम यांची अशी फारकत झाल्यावर, प्रवासावर महिन्याकाठी किती पैसे खर्ची पडतात हा प्रश्न घरखर्चात भाजी-किराण्याच्या पंक्तीला येऊन बसला.

मुंबईत स्वस्त वाहन नाही, असे मुळीच नाही. अडचण निराळी आहे. रेल्वे केंद्र सरकारची, बेस्ट महानगरपालिकेची, एस.टी. राज्याच्या महामंडळाची आणि मेट्रो आणखी वेगळ्या संस्थांची. ज्याची त्याची सवलत ज्याच्या त्याच्या हद्दीत चालते. म्हणून कोणती सवलत कोठे लागू होते आणि कोठे संपते, हे नीट समजून घेतलेले बरे.

मासिक पासाचे गणित

उपनगरी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे ५ रुपये आहे. पण खरी बचत सुट्या तिकिटात नसून पासात आहे. मासिक पासाचा दर साधारणपणे पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्याइतका ठेवण्यात आला आहे. महिन्यात पंचवीस दिवस कामावर जाणारा माणूस जाऊन-येऊन पन्नास प्रवास करतो. म्हणजे आठव्या दिवशी पासाचे पैसे वसूल होतात आणि पुढचे सतरा दिवस एक पैसाही लागत नाही. त्रैमासिक पास मासिक दराच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट किमतीला मिळतो. तीन महिन्यांचा घेतला तरी दहा टक्के वाचतात. गंमत अशी की, सहामाही किंवा वार्षिक पासातही सूट दहा टक्केच पडते. तेव्हा ज्याची नोकरी पुढच्या वर्षी टिकेल की नाही याचा भरवसा नाही, त्याने वार्षिक पासाच्या मोहात पडण्याचे कारण नाही. तीन महिन्यांचा पास पुरेसा आहे.

मात्र ही बचत पदरात पडण्यासाठी महिन्याच्या आरंभी एकरकमी पैसे हाती असावे लागतात. नाक्यावर उभे राहून रोज मजुरी शोधणाऱ्याजवळ ते नसतात. तो रोज तिकीट काढतो आणि त्याच अंतरासाठी पगारदारापेक्षा तिप्पट-साडेतिप्पट खर्च करतो. अशा असंघटित कामगारांसाठी रेल्वेने २००९ मध्ये ‘इज्जत’ पास सुरू केला. त्याचा दर महिना २५ रुपये ठेवण्यात आला आणि मासिक उत्पन्न १,५०० रुपयांहून अधिक नसावे अशी अट घालण्यात आली. हेतू उत्तम, परंतु १,५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. या मर्यादेत बसणारा मिळवता माणूस आजच्या मुंबईत शोधून सापडणे कठीण.

उतरावे कोठे?

लोअर परळ स्थानक पश्चिम रेल्वेवर आहे. मध्य रेल्वेचे करी रोड स्थानक तेथून पायी काही मिनिटांवर. या दोन्ही स्थानकांवर जलद गाड्या थांबत नाहीत. डोंबिवली-कल्याणकडचा प्रवासी जलद गाडीने दादरला येतो, तेथील पुलावरची गर्दी ओलांडून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी पकडतो आणि लोअर परळला उतरतो. त्यासाठी दोन पासांची गरज नाही, ‘दादर मार्गे’ असा एकच पास मिळतो. पण दादरलाच मध्य रेल्वेची धीमी गाडी धरून करी रोडला उतरले, तर पूल ओलांडण्याचा त्रास वाचतो आणि थोडे चालले की कचेरी येते. कोनकडून येणाऱ्या वृद्ध कामगारानेही पनवेलहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत येऊन तेथे धीमी गाडी बदलावी, हे सोयीचे. पास काढताना स्थानकाचे नाव सवयीने सांगू नये, नकाशा पाहून सांगावे.

गर्दीचा उल्लेख केवळ सोयीपुरता नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी शेजारच्या एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर लष्कराने तेथे नवा पूल उभारला आणि तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. लोअर परळ स्थानकालगतचा डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये बंद करण्यात आला. पुनर्बांधणीनंतर तो पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षांहून अधिक काळ येथील रहिवाशाला समोर दिसणाऱ्या ठिकाणी जाण्यासाठी वळसा पडत होता. पूल बंद झाला की स्वस्त प्रवासही महाग होतो, कारण घाईच्या माणसाला टॅक्सी करावी लागते.

बस, मेट्रो आणि मोनोरेल

९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ वरून १० रुपये आणि वातानुकूलित बसचे ६ वरून १२ रुपये झाले. दिवसभराचा पास ६० वरून ७५ रुपयांवर आणि मासिक पास ९०० वरून १,८०० रुपयांवर गेला. रेल्वेच्या पासाचे गणित येथे तसेच्या तसे लावू नये. स्थानक ते कचेरी एवढ्याच अंतरासाठी रोज दोनदा बस घेणाऱ्याचा खर्च पंचवीस दिवसांत ५०० रुपये होतो; त्याला १,८०० रुपयांचा पास तोट्याचा. हा पास उपयोगी पडतो तो दिवसभर बसा बदलत हिंडणाऱ्या वसुली कारकुनाला किंवा फिरत्या विक्रेत्याला.

आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली. वरळीचे आचार्य अत्रे चौक हे तिचे या परिसराजवळचे स्थानक. भाडे अंतरानुसार १० ते ७० रुपये. प्रवास सुखाचा आहे, पण रेल्वेच्या पासाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. लोअर परळमधून जाणारी मोनोरेल सुधारणेसाठी २० सप्टेंबर २०२५ पासून थांबविण्यात आली. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला आलेल्या ‘मुंबई वन’ ॲपमध्ये अकरा वाहतूक सेवांची तिकिटे एकत्र मिळू लागली. त्यामुळे रांग वाचते. भाडे मात्र प्रत्येक सेवेचे स्वतंत्रच द्यावे लागते.

दाखला हाती असेल तर

विद्यार्थ्यांना रेल्वेचा पास निम्म्या दरात मिळतो; अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना त्याहून अधिक सूट आहे. शाळा-महाविद्यालयाचा दाखला मात्र लागतो. ठरावीक प्रकारच्या दिव्यांगांनाही मासिक व त्रैमासिक पासावर ५० टक्के सवलत आहे. लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्ण आणि गर्भवती स्त्रियांनाही प्रवास करता येतो. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि गर्दीत त्याविषयी वाद होतात.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय जवळच असल्याने आणखी एक माहिती येथे द्यावयास हवी. उपचारासाठी बाहेरगावाहून येणाऱ्या कर्करुग्णास शयनयान आणि वातानुकूलित तृतीय वर्गात रेल्वेभाडे पूर्ण माफ आहे, तर सोबतच्या एका व्यक्तीस त्या वर्गांत ७५ टक्के सूट आहे. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत थांबविण्यात आली तेव्हाही रुग्ण, विद्यार्थी आणि दिव्यांग यांच्या सवलती चालू राहिल्या. रुग्णालयाचा दाखला परतीच्या तिकिटासाठीही लागतो, म्हणून तो निघण्यापूर्वी मागून घ्यावा. तारीख कळल्यावर धावाधाव करणाऱ्या नातेवाइकांची पूर्ण भाडे भरण्याची पाळी टळते.

राज्य शासनाच्या सवलती आहेत त्या एस.टी.च्या. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ वयोगटास अर्धे भाडे पडते, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धेच तिकीट लागू झाले. या सवलतीची रक्कम शासन महामंडळाला देते. बेस्ट ही महापालिकेची असल्यामुळे ही योजना तिच्या बसला लागू होत नाही. त्यामुळे लोअर परळची एखादी आजी गणपतीला सावंतवाडीस निघाली, तर परळ आगारातून पुढचा शेकडो किलोमीटरचा प्रवास तिला वयाच्या दाखल्यावर फुकट घडतो. चाळीपासून आगारापर्यंत बेस्टने जायचे, तर दहा रुपयांचे तिकीट मात्र काढावे लागते.