गेट बंद केलं, पण काढलं कुणी?

आजचा एपिसोड थोडा कायद्याचा आहे. पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

चाकणच्या एका कारखान्यात मी एचआरमध्ये नवीन होतो. लाइनवरचा एक पोरगा, ठेकेदाराकडून आलेला, सुपरवायझरशी भांडला. शिवीगाळ झाली म्हणे. दुपारी साहेब म्हणाले, "उद्यापासून याचं गेट बंद कर." मी सिक्युरिटीला फोन केला, कार्ड ब्लॉक. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन गेटवर उभा. ठेकेदार त्याला म्हणाला, "कंपनीने काढलं." तो माझ्याकडे आला, तर मी म्हणालो, "तू आमचा माणूसच नाहीस."

तेव्हा मला हे वाक्य फार हुशारीचं वाटलं होतं. प्रत्यक्षात त्या दिवशी मी त्या पोरावर अन्याय केला होता आणि कंपनीलाही अडचणीत टाकलं होतं. दोन्ही कसं, ते सांगतो.

आधी शिस्तीची कारवाई. कामगाराने गैरवर्तन केलं तर कंपनी त्याला काढू शकते, यात शंका नाही. पण रस्ता ठरलेला आहे. नेमका आरोप लिहून द्यायचा: तारीख, वेळ, काय केलं. "वर्तन बरोबर नाही" एवढं लिहिलं तर माणूस उत्तर कशाचं देणार? खुलाशाला वेळ द्यायचा. खुलासा पटला नाही तर चौकशी. चौकशी अधिकारी तक्रार करणारा नको आणि साक्षीदारही नको. साक्षी कामगारासमोर, त्याला कळेल अशा भाषेत, आणि उलटतपासणीची संधी देऊन. मग अहवाल, आणि त्यानंतर शिक्षा. जुन्या शिक्षा मोजायच्या असतील तर तेही त्याला आधी सांगायचं. बऱ्याच ठिकाणी हे उलटं चालतं. शिक्षा आधी ठरते, मग मागच्या तारखेची नोटीस टाइप होते. कोर्टात अशा फाइलीचं काय होत असेल, तुम्हीच विचार करा.

निलंबन ही शिक्षा नाही, हेही लक्षात ठेवा. चौकशी चालू असेपर्यंत निर्वाह भत्ता द्यावा लागतो. पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के. पुढे उशीर कामगारामुळे झाला नसेल तर ७५ टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच आकडे आहेत, आणि चौकशी साधारणपणे ९० दिवसांत संपवा असंही म्हटलंय. फक्त स्थायी आदेशांचं हे प्रकरण आता ३०० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. म्हणून लहान कंपनीत ऐकून न घेता काढता येतं, असा अर्थ कुणी काढू नका. लेखी आरोप आणि बाजू मांडायची संधी हा नैसर्गिक न्याय आहे.

आता मालक लोक म्हणतील, एवढं सगळं करून उपयोग काय, कोर्ट परत घ्यायलाच लावतं. तर पुण्याचीच गोष्ट ऐका. १९८३ साली भारत फोर्जमध्ये एक हेल्पर सकाळी पावणेबाराच्या सुमारास कामाच्या जागी झोपलेला सापडला. आधी तीनदा शिक्षा झालेली होती. चौकशी झाली, त्याला काढलं. चौकशी योग्य होती, पण शिक्षा जास्त झाली, असं कामगार न्यायालय म्हणालं. प्रकरण वर वर गेलं आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं बरोबर ठरवलं. चौकशी नीट होती आणि जुनं रेकॉर्ड कागदावर होतं, म्हणून कंपनी टिकली. तरी बावीस वर्षं गेली, हेही आहेच.

आता ठेकेदारीकडे येऊ. माझी दुसरी चूक इथे आहे आणि ती जास्त महागाची आहे.

ठेक्यावर माणसं घेणं बेकायदा नाही. सफाई, कॅन्टीन, सिक्युरिटी, माल चढवणं-उतरवणं ही कामं सहसा चालतात. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे. अपवाद आहेत, उदाहरणार्थ अचानक वाढलेलं काम. ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तर हे नियम लागू होतात. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीला द्यावा लागतो.

पण खरा प्रश्न असतो की ठेका खरा आहे की नुसता कागदावर? २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ठेका बंद झाला म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. मात्र ठेका दिखाऊ निघाला तर तो कामगार मूळ कंपनीचाच. हे ठरवायला २०१४ च्या एअर इंडिया कॅन्टीनच्या निकालात कसोट्या दिल्यात: नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, काढण्याचा अधिकार कुणाचा, शिस्तीची कारवाई कोण करतं, नोकरी सलग आहे का, आणि देखरेख व ताबा किती.

आता माझा तो फोन आठवा. ज्याला मी "आमचा माणूस नाहीस" म्हणालो, त्याला काढलं मात्र मीच! सुट्टी आमचा सुपरवायझर मंजूर करायचा, शिफ्ट आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लागायची. वकिलाला आणखी काय हवं?

बरोबर पद्धत अशी होती: कंपनीने ठेकेदाराला लेखी तक्रार द्यायची. नोटीस, चौकशी, शिक्षा ठेकेदाराने करायची, कारण मालक तो. आणि ठेकेदाराकडे हे करायला साधा एक माणूसही नसेल, नुसता माणसं पुरवून कमिशन घेत असेल, तर तो कागदावरचाच ठेकेदार आहे हे कंपनीने ओळखावं.

तुम्ही ठेक्यावर असाल तर नियुक्तीपत्र मागा, ते देणं आता बंधनकारक आहे. पगारपत्रकावर आणि पीएफवर कुणाचं नाव आहे ते बघा. सुट्टीचे आणि शिफ्टचे मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. गेट बंद झालं तर त्याच दिवशी दोघांनाही, ठेकेदाराला आणि कंपनीला, मेल टाका: मी कामावर हजर झालो, मला आत घेतलं नाही, कारण लेखी द्या. तारीख-वेळ आपोआप पडते.

त्या पोराने केस केली नाही. अकरा दिवसांचा पगार अडकला होता, तो मी दीड महिन्याने ठेकेदाराच्या मागे लागून मिळवून दिला. शिवी नक्की कुणी आधी दिली, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.