गाडी धावायला तयार, कंपनीचाच पाय ब्रेकवर

ताशी 100 किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटार पेट्रोलची नव्हती, विजेची होती! साल 1899, ठिकाण पॅरिसजवळ, चालक बेल्जियमचा कामी जेनात्झी. आणखी एक नवल ऐका. कारखान्यातून मॉडेल टी धडाधड बाहेर पडत होत्या, त्या काळात हेन्री फोर्डची पत्नी क्लारा मात्र डेट्रॉइट इलेक्ट्रिक या दुसऱ्याच कंपनीची विजेची गाडी चालवत होती. हँडल मारायला नको, धूर नाही, खडखडाट नाही.

तेव्हा विजेची गाडी ही काही कालपरवाची टूम नाही. कंपन्यांना ती मनापासून विकायची आहे का, ही शंकाही बरीच जुनी आहे. आणि माझ्या मते ही शंका रास्त आहे, कारण ती कंपन्यांच्या वागण्यातूनच आली आहे.

सगळ्यात मोठा किस्सा जनरल मोटर्सचा. जानेवारी 1990 मध्ये कंपनीने लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात ‘इम्पॅक्ट’ नावाची विजेची गाडी झोकात मांडली. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने ती पाहिली आणि त्याच वर्षी नियम केला: मोठ्या कंपन्यांनी 1998 पर्यंत 2 टक्के आणि 2003 पर्यंत 10 टक्के गाड्या बिनधुराच्या विकायच्या. इम्पॅक्टची पुढे 1996 मध्ये ईव्ही-1 झाली. काय गाडी होती! दोनच माणसांची, थेंबासारखी निमुळती, मागची चाकं अर्धी झाकलेली. किल्ली नाहीच. आकडे दाबून कोड टाकला की दार उघडायचं, पुन्हा कोड टाकला की गाडी सुरू. चालवणारे अक्षरशः तिच्या प्रेमात पडले.

पण गाडी विकत मिळत नव्हती, फक्त लीजवर. एकूण 1,117 बनवल्या. दुसरीकडे कंपन्या त्याच नियमाविरुद्ध कोर्टात गेल्या. 2003 मध्ये नियम ढिला झाला, त्याच वर्षी जनरल मोटर्सने योजना गुंडाळली आणि गाड्या परत मागवल्या. लोकांनी हॉलिवुडच्या एका दफनभूमीत ईव्ही-1 ची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. 2005 मध्ये कंपनीच्या बरबँकमधल्या आवारात 78 गाड्या उरल्याचं कळल्यावर चाहते तिथे रात्रंदिवस पहारा देत बसले. प्रत्येक गाडीचे 24,000 डॉलर देतो, दुरुस्तीची हमीही नको, पण गाड्या मोडू नका, अशी त्यांची विनवणी होती. कंपनी बधली नाही. काही गाड्या संग्रहालयांना गेल्या, त्याही बहुतेक निकामी करून. बाकीच्या चेपून भंगारात!

सुटे भाग मिळणार नाहीत, मागणीही पुरेशी नाही, हे कंपनीचं म्हणणं. सुट्या भागांची अडचण खरी असेलही. पण रोख पैसे घेऊन दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मागणी नाही असं सांगणं मला आजही पटत नाही. खुद्द कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रिक वॅगनर यांनी 2006 मध्ये कबूल केलं, की ईव्ही-1 बंद करणं हा आपला सर्वांत वाईट निर्णय होता.

टोयोटाची त्याच काळातली आरएव्ही-4 ईव्ही थोडी नशीबवान. काही गाड्या लोकांना विकत मिळाल्या म्हणून वाचल्या. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वीज कंपनीकडच्या काही गाड्या तर लाखभर मैल धावल्या, मूळ बॅटरीवर!

आता 2014 चा मासला. फियाटचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी वॉशिंग्टनच्या भर सभेत सांगून टाकलं, की आमची विजेची 500-ई कृपा करून घेऊ नका, प्रत्येक गाडीमागे मला 14,000 डॉलरचा फटका बसतो. केवळ नियमाच्या धाकाने मोजक्या संख्येने बनवलेल्या अशा गाड्यांना अमेरिकेत ‘कम्प्लायन्स कार’ म्हणतात. मार्किओने निदान उघड बोलले, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

नॉर्वेत 2020 मध्ये वेगळीच गंमत झाली. टोयोटाच्याच लेक्सस या ब्रँडने आपल्या हायब्रिड गाड्या ‘आपोआप चार्ज होणाऱ्या’ म्हणून जाहिरातीत मिरवल्या. तिथल्या ग्राहक प्राधिकरणाने जाहिरातीवर बंदीच घातली. ही वीज फुकटात येत नाही, टाकीतल्या पेट्रोलमधून येते, ही साधी गोष्ट त्यांनी कंपनीला सुनावली.

आणि 2030 चा वायदा? व्होल्वोने 2021 मध्ये जाहीर केलं, की 2030 पासून फक्त विजेच्या गाड्या. 2024 मध्ये त्यात प्लग-इन हायब्रिडही आल्या. मर्सिडीजने असाच वायदा करताना 2021 मध्येच ‘जिथे बाजाराची परिस्थिती अनुकूल असेल तिथे’ अशी पळवाट ठेवली होती, 2024 मध्ये ती वापरली. याच मर्सिडीजच्या चाकणच्या कारखान्यात 2022 मध्ये ईक्यूएस ही विजेची गाडी जोडली जाऊ लागली, तेव्हा पुण्याकडच्या लोकांनाही या वायद्यांशी देणंघेणं आहे.

आपल्याकडचा एक किस्सा बहुतेकांच्या विस्मरणात गेलाय. जनरल मोटर्सने बंगळूरच्या रेवा कंपनीबरोबर विजेची शेव्हरोले स्पार्क आणायचं ठरवलं होतं. 2010 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत ई-स्पार्क मांडलीही. त्याच वर्षी महिंद्राने रेवा घेतली, जनरल मोटर्सने अंग काढून घेतलं आणि ई-स्पार्क बारगळली. पेट्रोलची स्पार्क मात्र तळेगावात बनतच राहिली.

गिऱ्हाईकच तयार नाही, हे कारण कंपन्या अजूनही पुढे करतात. पण नॉर्वेत सरकारने विजेच्या गाड्यांवरचे कर वर्षानुवर्षं माफ केले आणि पेट्रोलच्या गाड्यांवर ते भरभक्कम ठेवले. 2024 मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे 89 टक्के निव्वळ विजेच्या होत्या. त्यात टेस्ला होतीच, पण फोक्सवॅगन, व्होल्वो आणि टोयोटाही होत्या.