माझ्या वाटेची रेघ

शेजारी चिकटवलेला आलेख मी काढला आहे. तो माझ्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा आहे. आडव्या रेघेवर मिनिटे आहेत. उभ्या रेघेवर घरापासूनचे अंतर मीटरमध्ये आहे. आम्ही दोरीने वाट मोजली आणि दर १० मीटरवर चुन्याची खूण केली. मैत्रिणीची ताई घड्याळ घेऊन सोबत आली. मिनिट झाले की ती "हं!" म्हणायची आणि मी जवळची खूण बघून आकडा सांगायची.

काल वर्गात एकजण म्हणाला, "तुझ्या वाटेवर एवढा डोंगर कुठंय गं?" अरे, तो डोंगर नाही! आमची वाट सपाटच आहे. रेघ वर गेली म्हणजे मी घरापासून लांब गेले. शाळा सुटल्यावरचा आलेख काढला तर रेघ खाली येईल, कारण घर जवळ येत जाते.

पहिली ४ मिनिटे बघा. धाकट्या भावाचे बोट धरून मी दर मिनिटाला ५० मीटर चालले. सारख्या वेळात सारखे अंतर, म्हणून रेघ सरळ तिरपी आली. तिचा चढ म्हणजेच माझा वेग.

मग २०० मीटरवर अंगणवाडी. तिथे चौथ्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत रेघ आडवी आहे. वेळ पुढे जातो पण मी तिथेच. भाऊ माझा फ्रॉक सोडत नाही, लई रडतो. अंगणवाडीच्या ताई त्याला उचलून घेतात तेव्हा कुठे मी सुटते.

तेवढ्यात शाळेची घंटा होते. पुढच्या ४ मिनिटांत मी ५०, ८०, ११० आणि १४० मीटर गेले. दर मिनिटाला आधीपेक्षा ३० मीटर जास्त! म्हणून इथे रेघ सरळ नाही, वर वाकत गेली आहे. वेग असा वाढत जातो त्याला मोठ्या वर्गात त्वरण म्हणतात, असे बाईंनी सांगितले. शेवटच्या मिनिटासारखी तासभर पळाले तर ८,४०० मीटर होतील. पण तासभर कोण पळणार? मला तर शाळेच्या दारातच दम लागला.

घर ते शाळा ५८० मीटर, लागली १४ मिनिटे. आई म्हणते, "एवढ्याशा वाटेला इतका वेळ? चिंचा पाडत बसत असशील." आई आज शाळेत येणार आहे. आई, आडवा तुकडा मी लाल पेन्सिलीने काढलाय. तो २०० वर आहे. चिंचेचे झाड ३५० वर आहे, आणि तिथे मी पळत होते.