शिक्का परराष्ट्र खात्याचा, नोंद पुसेगावची

परदेशी शिक्षणास वा नोकरीस निघालेल्या तरुणाकडे पारपत्राखेरीज अनेकदा जन्मदाखलाही मागितला जातो, आणि तोही प्रमाणित केलेला. हा दाखला हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावच्या ग्रामपंचायतीचा असेल, तर दूरदेशीच्या अधिकाऱ्याने त्यावरील सही खरी कशी मानावी? या प्रश्नाचे उत्तर ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने दिले. करारातील एका देशाने लावलेले ‘अपोस्टिल’ इतर सदस्य देशांत सामान्यतः ग्राह्य धरले जाते. वकिलातीचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. आधी राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, असा रूढ क्रम आहे. करारात नसलेल्या देशासाठी मात्र वकिलातीची पायरी चुकत नाही.

परंतु या शिक्क्याचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. अपोस्टिल ग्वाही देते ती सहीची, सही करणाऱ्याच्या अधिकाराची आणि मोहरेची, मजकुराची नव्हे. नोंदवहीत नाव चुकले असेल, तर ती चूकही शिक्क्यानिशी सातासमुद्रापार जाते.

म्हणजे खरा प्रश्न उरतो तो गावच्या नोंदवहीचा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा. त्याने नोंदणी सक्तीची केली, आणि नाव ठरण्यापूर्वीही ती करण्याची मुभा ठेवली. त्यामुळे बारशाआधी नोंद होते, नावाचा रकाना रिकामा राहतो आणि पुढे तो भरून घेण्याचे कोणास सुचत नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची १ जून ही तारीख लिहून टाकल्याची उदाहरणेही थोडीथोडकी नाहीत. मग पंचायतीचा दाखला एक सांगतो, शाळेचा दुसरे, आणि दोहोंच्या कात्रीत सापडतो तो उमेदवार. प्रवेशाची मुदत जवळ आली की त्याची कार्यालयांतून धावपळ सुरू होते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून कायद्याने जन्मदाखल्यावरच भिस्त ठेवली आहे. तेव्हा पहिलीच्या प्रवेशावेळीच शिक्षकाने दाखल्यातील नाव, आईवडिलांची नावे आणि तारीख पडताळून पाहावी, चूक दिसताच पालकास पंचायतीकडे धाडावे, आणि तेथील लेखनिकाने ती दुरुस्ती रखडू देऊ नये. सहाव्या वर्षी अर्ध्या दिवसात निस्तरणारी चूक विसाव्या वर्षी अख्खे शैक्षणिक वर्ष बुडवू शकते.