किंमत कमी झाली ‘म्हणून’ खप वाढला?

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य हमखास सापडतं: ‘किंमत कमी केल्यामुळे विक्री वाढली.’ वाक्य साधं वाटतं, पण त्यातला ‘मुळे’ सिद्ध करणं हेच खरं संशोधन असतं. हा ‘मुळे’ आज व्हिडिओ गेम कन्सोलच्या उदाहरणातून बघू. या बाजारात कंपन्या मोजक्या आहेत, किमती जाहीर असतात आणि तेच यंत्र वेगवेगळ्या देशांत वेगळ्या किमतीला मिळतं. म्हणून अभ्यासाला तो सोयीचा आहे.

आधी आणि नंतर

निन्टेंडोचा ३डीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल फेब्रुवारी २०११ मध्ये जपानमध्ये २५,००० येनला आला. विक्री अपेक्षेइतकी होईना. ऑगस्टमध्ये कंपनीने किंमत थेट १५,००० येनवर आणली. अमेरिकेत ती २४९.९९ डॉलरवरून १६९.९९ डॉलर झाली. पुढे खप वाढला. मग झालं सिद्ध?

थांबा. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ‘सुपर मारिओ ३डी लँड’ आणि ‘मारिओ कार्ट ७’ हे गेम आले. शिवाय नाताळचा हंगाम होता, आणि कन्सोल सगळ्यात जास्त विकले जातात ते तेव्हाच. आपल्याकडे दिवाळीत फ्रिजवर सूट असते आणि लोकांच्या हातात बोनसही असतो. फ्रिज सुटीमुळे विकला गेला की बोनसमुळे, हे नुसत्या विक्रीच्या आकड्यावरून सांगता येत नाही. इथेही तेच.

दुसरी अडचण उलट्या दिशेची आहे. किंमत उतरवली कशामुळे? तर खप कमी होता म्हणून. म्हणजे किमतीचा परिणाम खपावर आणि खपाचा परिणाम किमतीवर. त्यात जून २०११ मध्ये सोनीने आपल्या येऊ घातलेल्या प्लेस्टेशन व्हिटाची अमेरिकेतली किंमत जाहीर केली: २४९ डॉलर, जवळजवळ ३डीएसइतकीच. म्हणजे प्रतिस्पर्धीही याच गणितात आहे. किंमत अशी बाजारातल्या घडामोडींतूनच ठरत असेल, तर तिला ‘एंडोजेनस’ म्हणतात. अशा वेळी साधं रिग्रेशन चालवलं तर आकडा मिळतो, पण तो किमतीचा परिणाम असेलच असं नाही.

मग प्रदेश कशाला हवेत?

प्रयोगशाळेत आपण तापमान बदलतो आणि बाकी सगळं स्थिर ठेवतो. बाजारात ते जमत नाही. पण कधी कधी एका प्रदेशात किंमत बदलते आणि दुसऱ्यात नाही. तेव्हा दुसरा प्रदेश तुलनेसाठी वापरता येतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ५ ची किंमत युरोपात ४९९.९९ युरोवरून ५४९.९९ युरो केली, ब्रिटनमध्ये ४४९.९९ पौंडांवरून ४७९.९९ पौंड. जपानमध्येही वाढ झाली. अमेरिकेत मात्र किंमत तीच राहिली. कंपनीने कारण दिलं ते महागाई आणि चलनाच्या दरांचं. मागणी घटली म्हणून केलेला हा बदल नव्हता, म्हणून तो संशोधकाच्या कामाचा.

आता समजा (हे आकडे काल्पनिक आहेत), युरोपात विक्री १०० वरून ९० झाली आणि त्याच काळात अमेरिकेत १०० वरून ११०. नुसतं युरोप बघितलं तर परिणाम उणे १०. पण किंमत वाढली नसती तर युरोपही ११० वर गेला असता असं मानलं, तर परिणाम उणे २०. या पद्धतीला ‘डिफरन्स इन डिफरन्सेस’ म्हणतात. तिचा सगळा भार त्या ‘असं मानलं’वर आहे. किंमत बदलण्याआधी दोन्ही प्रदेशांतली विक्री साधारण एकाच चालीने जात होती का, हे आधी तपासायचं.

इथेही दोन खाचखळगे आहेत. तेव्हा प्लेस्टेशन ५ चा तुटवडा होता. माल आला की संपायचा. अशा वेळी विक्रीचा आकडा मागणी सांगत नाही, पुरवठा सांगतो. दुसरं म्हणजे मायक्रोसॉफ्टने तेव्हा एक्सबॉक्सच्या किमती वाढवल्या नाहीत. म्हणजे युरोपात प्लेस्टेशन नुसता महाग झाला नाही, प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत महाग झाला. तुमच्या मॉडेलमध्ये प्रतिस्पर्ध्याची किंमत नसेल, तर हे दोन परिणाम एकमेकांत मिसळतात.

स्वस्त असूनही न खपणं

२००६ च्या अखेरीस जपानमध्ये एक्सबॉक्स ३६० ची साधी आवृत्ती २९,८०० येनला होती, तर प्लेस्टेशन ३ ची स्वस्त आवृत्ती ४९,९८० येनला. तरीही तिथे एक्सबॉक्स प्लेस्टेशनच्या फार मागे राहिला. अमेरिकेत मात्र त्याच यंत्राने चांगला जम बसवला. ग्राहकाला आवडणारे गेम कोणत्या यंत्रावर आहेत, मित्रांकडे कोणतं यंत्र आहे, कोणत्या ब्रँडची सवय आहे, हे प्रदेशागणिक बदलतं. म्हणून सगळे देश एकाच ढिगात टाकून एक सरासरी काढली, तर ती कदाचित कुठल्याच देशाला लागू पडणार नाही. प्रत्येक प्रदेशाचा कायमचा फरक वेगळा धरावा लागतो. त्यासाठी ‘फिक्स्ड इफेक्ट्स’ वापरतात.

तुमचा विषय कन्सोल नसेल. खताचा खप असेल, मोबाइल डेटा असेल, औषधं असतील. सिनॉप्सिस देण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारा: किंमत कोणी आणि का बदलली? ती बदलली नसती तर काय झालं असतं, हे मी कुठे बघणार? त्याच वेळी प्रतिस्पर्ध्याने काय केलं? आणि माझा आकडा मागणीचा आहे की उपलब्ध मालाचा? चारही उत्तरं कागदावर उतरली, तरच ‘मुळे’ लिहा. नाहीतर ‘त्यानंतर’ लिहा. तो शब्द लहान वाटेल, पण व्हायव्हामध्ये त्याचा बचाव करता येतो.