दरबारी आणि बाजारी

मालवणच्या बाजारपेठेत अजून काही जुनी घरे तग धरून आहेत. रस्त्याच्या अंगाला दुकान, त्यामागे माजघर, वर माळा, परसात विहीर. धंदा आणि संसार एकाच कौलाखाली. वाटण्या झाल्या, मुले मुंबईला गेली, की असे घर पाडून तिथे स्लॅबची इमारत उठते. खाली शटरे, वर फ्लॅट. म्हणजे वापर तोच राहतो, जाते ते घर. सिंधुदुर्गातल्या बहुतेक पेठांची गत हीच असताना सावंतवाडीत भरगावात, ऐन तळ्याकाठी, एक वास्तू पाडापाडीच्या वाटेला न जाता एकामागून एक नवी कामे अंगावर घेत आली आहे. तिथला राजवाडा.

मालवणहून गोव्याकडे निघालेली गाडी सावंतवाडीत थांबते ती बहुधा चितार आळीसाठी. लाकडी आंबा, लाकडी वांगे, भातुकलीची भांडी घ्यायची, तळ्याच्या कठड्याला टेकून फोटो काढायचा आणि बांद्याची वाट धरायची. पण त्या कठड्यावर दहा मिनिटे बसून नुसते आजूबाजूला पाहावे. मोती तलाव 1874 सालचा. गावाचे सगळे महत्त्वाचे त्याच्याभोवती गोळा झाले आहे : बाजार, देऊळ, बाग, नगरपालिका आणि झाडांच्या आड तांबूस भिंतींचा राजवाडा. राजा गावाबाहेर टेकडीवर राहिला नाही, बाजाराच्या हाकेच्या अंतरावर राहिला. पुढे जे झाले, त्याची सोय या एका गोष्टीने आधीच करून ठेवली होती, असे मला वाटते.

राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला, म्हणजे 1755 ते 1803 या काळातला. नंतरच्या पिढ्यांनी त्यात भर घातली. कमानी, जिने, प्रवेशद्वार यांत इंग्रजी वळण दिसते, अंग मात्र अस्सल कोकणी, जांभ्याच्या चिऱ्यांचे. या दगडाची गंमत अशी, की खाणीत तो मऊ असतो, हत्याराने सरळ कापून काढता येतो, आणि वारा-ऊन लागत गेले की घट्ट होत जातो. पण तो सच्छिद्र. पावसाळ्यात पाणी पितो, उन्हाळ्यात सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला हे करू देतो. सिमेंटचा जाड थर थापला, की ओल आतच कोंडते आणि दोन पावसाळ्यांत भिंत फुगून पोपडे धरते. म्हणून जांभ्याच्या जुन्या वास्तूत नवी मोरी, नवा नळ, नवी विजेची तार कुठून न्यायची, हा नकाशापेक्षा ओलीचा प्रश्न असतो. आपल्याकडे घर ‘दुरुस्त’ करताना पहिला घाव नेमका इथेच बसतो.

राजवाड्याचे रूपांतर मात्र गवंड्याच्या थापीने सुरू झाले नाही, ते सुरू झाले कुंचल्याने. शिवरामराजे भोसले आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या राणी सत्त्वशीलादेवी यांच्या लक्षात आले, की संस्थानची शान असलेली गंजिफा मरणपंथाला लागली आहे. हाताने रंगवलेले हे गोल पत्ते करणारे हात जवळजवळ संपले होते. पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिरापाशी विद्या उरली होती. राजाराणींनी ती स्वतः शिकून घेतली, इतरांना शिकवली आणि 1971 साली ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ उभे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस घटनादुरुस्तीने माजी संस्थानिकांचे तनखे बंद झाले. या दोन गोष्टींची सांगड मी घालत नाही, पण साल डोक्यात राहते. देशभरातल्या राजवाड्यांसमोर तेव्हा एकच प्रश्न होता : एवढ्या मोठ्या घराचे आता करायचे काय?

सावंतवाडीचे उत्तर दरबार हॉलमध्ये पाहायला मिळते. वर झुंबरे, समोर सिंहासन, आणि त्याच दालनात रंगाच्या वाट्या घेऊन पत्ते रंगवत बसलेले कारागीर. एका रेषेवर श्वास रोखून कुंचला फिरतो, पाहणारेही नकळत गप्प होतात. दरबाराचे संग्रहालय करणे सोपे असते : दोऱ्या बांधायच्या, पाट्या लावायच्या. पण तिथे काम आणून बसवले, की दालनाला पुन्हा रोज झाडावे लागते, कौल गळले की त्याच दिवशी पाहावे लागते. वापरातली वास्तू टिकते ती या रोजच्या कुरबुरीमुळे. माझ्या मते या जिल्ह्यातला पुनर्रचनेचा सर्वांत हुशार निर्णय हाच, आणि त्याला ना टेंडर लागले, ना उद्‌घाटनाची फीत.

गंजिफाचेच दोन प्रकार असत. काठावर नक्षीची कड असलेली ती दरबारी, बिनकडेची ती बाजारी. खेळ तोच. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, असे बारा पत्ते, म्हणजे एकूण 120. आता बाजार दरबारात येऊन बसला आहे, तिथेच रंगवायचे आणि तिथेच विकायचे.

2022 मध्ये यात आणखी एक वापर आला. राजवाड्याच्या आवारात छोटे कला-हॉटेल सुरू झाले, अवघ्या सहा खोल्यांचे. सजावटीचा धागा गंजिफाचा, विष्णूच्या अवतारांचा. राजवाड्याचे हॉटेल म्हटले की डोळ्यांसमोर उदयपूरचा जगनिवास येतो. 1960 च्या दशकात तळ्यातला तो आख्खा महालच पाहुण्यांसाठी उघडला गेला आणि जगभर गाजला. तिथे आत जायचे तर पाहुणाच व्हावे लागते. सावंतवाडीत सहाच खोल्या असल्यामुळे हॉटेल हे राजवाड्याचे एक काम राहिले, राजवाडा हॉटेलचे नाव झाला नाही. साठ खोल्या काढल्या असत्या तर गाड्यांसाठी झाडे गेली असती, सांडपाण्यासाठी अंगण उकरले असते, आणि शाळेच्या सहलीला फाटकावरून परत पाठवण्याचा दिवस फार लांब राहिला नसता. सहाचा आकडा कायम राहो, एवढीच इच्छा.

म्हणजे आज एकाच आवारात घराण्याचे राहते घर आहे, तिकीट काढून पाहायचे दालन आहे, कारखाना आहे, दुकान आहे, पाहुण्यांची वस्ती आहे, आणि शेजारी पंचम खेमराज महाविद्यालय असल्यामुळे पोरांचा कलकलाटही आहे. वास्तुशास्त्राच्या वर्गात याला ‘मिश्र वापर’ म्हणतील. त्यासाठी इथे मजल्यावर मजले चढवले नाहीत, दारे आणि वेळा वाटून घेतल्या. कोणी कुठल्या वाटेने यायचे, कुठल्या उंबऱ्यापर्यंत, किती वाजेपर्यंत, एवढे ठरले की बरेचसे भांडण मिटते. मालवणच्या जुन्या दुकान-घरातही हेच होते. गिऱ्हाईक ओट्यापर्यंत, पाहुणा पडवीत, माजघरात फक्त आपली माणसे.

सगळे गोमटे आहे असे नाही. सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले हे खरे, पण मानांकनाने पोट भरत नाही. हाताने रंगवलेल्या एका संचामागे आठवडे जातात, आणि रंगवणाऱ्याला दिवसाचे किती पडतात हे पाहणारा क्वचितच विचारतो. गोव्याला जाण्याची घाई असलेला प्रवासी तर किंमत ऐकून छापील पत्त्यांकडे वळतो. शिवाय घेणाऱ्यांतले खेळणारे किती? संच भिंतीवर चौकटीत जातो.

खेळायचाच झाला तर एक नियम आधी समजून घ्यावा लागतो. दिवसा डाव बसला तर सुरुवात रामाच्या राजाकडून, दिवेलागणीनंतर कृष्णाच्या. पत्ते तेच, माणसे तीच, उजेड बदलला की मान बदलतो. संध्याकाळी शेवटचा पाहुणा दरबार हॉलमधून बाहेर पडतो, कारागीर वाट्या झाकून ठेवतात, आणि आवारातल्या सहा खोल्यांचे दिवे लागतात.